डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्ष: यादीत नाव लागलं, पुढचे सहा महिने?

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला की अनेक घरांत दुसरा विषयच नसतो: डीएसई. म्हणजे डायरेक्ट सेकंड इयर इंजिनीअरिंग, डिप्लोमा झालेल्या मुलाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात मिळणारा प्रवेश. कट-ऑफ किती लागेल, सीओईपी हाती लागेल का, पीआयसीटी लागेल का, कॉम्प्युटर हुकलं तर काय करायचं, या विचारांनी पालकांची झोप उडालेली असते. ही काळजी खोटी नाही. पण इतकी वर्षं या मुलांबरोबर काम केल्यावर मला ठामपणे सांगावंसं वाटतं की सगळी काळजी कॅप राउंडवर, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांवर, खर्च करू नका. डिप्लोमाची हुशार मुलं अडखळतात ती प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात, आणि त्या सत्राची तयारी कर असं त्यांना घरात किंवा बाहेर फारसं कोणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि पुढे तीन वर्षं पदवी, एकूण सहा. अकरावी-बारावी करून सीईटीतून गेलेल्या मुलाची दोन आणि चार, तीही सहाच. वर्ष वाया जात नाही. उलट मधल्या टप्प्यावर हातात एक पदविका असते, जिच्या जोरावर नोकरी मिळू शकते. ‘बारावी झेपली नसती म्हणून डिप्लोमाला टाकलं’ असं मुलासमोर नातेवाइकांना सांगणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, हे वाक्य बंद करा. मुलं ते विसरत नाहीत.

आता जागांचं गणित. प्रत्येक शाखेला जेवढ्या जागा मंजूर असतात, त्यांच्या १० टक्के जागा डिप्लोमाच्या मुलांसाठी अधिकच्या दिल्या जातात. शिवाय पहिल्या वर्षाला ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्याही दुसऱ्या वर्षाला भरता येतात. म्हणजे ६० जागांच्या तुकडीत हक्काच्या जागा सहा. नामांकित कॉलेजात कॉम्प्युटरला पहिल्या वर्षी जागा रिकामी राहण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे त्या सहाच उरतात, आणि त्याही पुन्हा प्रवर्गांत विभागल्या जातात. तिथला कट-ऑफ ९५ टक्क्यांच्या वर जातो त्याचं कारण हे. ९२ टक्के मिळवलेल्या मुलाला तिथे प्रवेश मिळाला नाही, तर त्याची बुद्धी कमी पडली असं अजिबात नाही, जागाच तेवढ्या होत्या. याउलट त्याच शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात सिव्हिलच्या किंवा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतील, तर तिथे प्रवेश कितीतरी सोपा होतो.

कर्नाटकात यासाठी डीसीईटी द्यावी लागते, पश्चिम बंगालमध्ये जेलेट, आंध्र आणि तेलंगणात ईसेट. महाराष्ट्रात वेगळी प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते. त्यामुळे खरी चुरस पॉलिटेक्निकच्या वर्गातच सुरू झालेली असते. शेवटच्या वर्षात प्रॅक्टिकल, टर्मवर्क आणि प्रोजेक्टचे गुण ‘ते काय, मिळतातच’ म्हणून सोडून देणारी मुलं पुढे अर्ध्या टक्क्यासाठी हळहळतात. पात्रतेची अट मात्र सोपी आहे: किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४०.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत सगळं दिलेलं असतं. फक्त एकाच कागदासाठी मी आग्रह धरतो: जात वैधता प्रमाणपत्र. ते सेतू केंद्रातून चार दिवसांत मिळत नाही. पडताळणी समितीकडे महिने जातात, जुन्या महसुली नोंदी किंवा आजोबांच्या शाळेचा दाखला शोधावा लागतो. पाचव्या सत्रातच अर्ज करून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला चालू वर्षासाठी वैध आहे ना, तेही पाहा. मुलीच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यात घाईने जागा घेऊन टाकली की हा लाभ हातचा जातो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, हा मात्र जपून भरायचा कागद. एकदा एक वडील वहीच्या पानावर कॉलेजांची यादी लिहून आले होते. फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणारे, हिशेबाला पक्के. मुलाला ८९ टक्के. यादीत पहिल्या क्रमांकावर घरापासून वीस मिनिटांवरचं एक साधारण कॉलेज आणि सहाव्या क्रमांकावर सांगलीचं वालचंद. का, तर ‘वालचंद मिळणं कठीण, मग वर लिहून नंबर कशाला फुकट घालवायचा? पहिला नंबर मिळेल असाच लिहिला.’ घरोघरी अशीच समजूत असते. प्रत्यक्षात संगणक यादी वरून खाली वाचत जातो आणि मुलाच्या गुणांना जो सर्वांत वरचा पर्याय मिळू शकतो, तो देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जराही कमी होत नाही. पण पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत सुधारणा नाही. त्या वहीनुसार फॉर्म भरला असता तर मुलगा पहिल्याच फेरीत वीस मिनिटांवरच्या कॉलेजात अडकला असता. म्हणून यादी लिहायची ती निव्वळ इच्छेच्या क्रमाने. मिळेल की नाही हे ठरवायचं काम संगणकाचं.

शाखेबद्दल माझं मत बऱ्याच पालकांना रुचत नाही, तरी सांगतो. आता कोणत्याही शाखेचा डिप्लोमा असला तरी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या शाखेत प्रवेश घेता येतो. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसू शकतो. नियम परवानगी देतो, पण डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर मुलालाच लिहायचा असतो. तीन वर्षांत त्याने स्वतःहून, कोणी न सांगता एखादा प्रोग्रॅम लिहिला असेल, रात्री जागून तो चालवून पाहिला असेल, तर जरूर जाऊ द्या. नसेल, तर केवळ पॅकेजच्या बातम्या वाचून शाखा बदलणं म्हणजे मुलाला एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टींशी झगडायला लावणं आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडचं एसजीजीएस, अमरावतीचं शासकीय कॉलेज अशा ठिकाणी स्वतःच्या शाखेत मिळालेली जागा मी सुमार कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा वर ठेवतो. लेथवर, सीएनसीवर, पॅनेल वायरिंगवर हात बसलेला मुलगा मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत बारावीहून आलेल्या मुलांच्या पुढे असतो. ही त्याची कमाई आहे, ती शाखा बदलून टाकून देऊ नये.

आणि आता गणित. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं सर्वांत जास्त अडकतात ती इथेच.

डिप्लोमात गणित साधारण पहिल्या वर्षात संपतं. दुसऱ्या सत्राच्या अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये इंटिग्रेशन आणि सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स होतात, आणि मग दोन वर्षं त्या वहीला कोणी हात लावत नाही. इकडे पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं एम-वन, एम-टू, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचे पहिले दोन पेपर, करून आलेली असतात. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात बहुतेक शाखांना एम-थ्री समोर येतं: लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. प्राध्यापक फळ्यावर ग्रेडियंट काढायला घेतात. एक फलन आहे, एक्स वर्ग गुणिले वाय, अधिक वाय गुणिले झेड. बारावीहून आलेली मुलं सरसर लिहितात: एक्सच्या संदर्भात दोन एक्स वाय, वायच्या संदर्भात एक्स वर्ग अधिक झेड, झेडच्या संदर्भात नुसता वाय. डिप्लोमाचा मुलगा त्या वळणदार ‘डी’कडे बघत राहतो. एका चलाचा विचार करताना बाकीचे स्थिर धरायचे, एवढीच ती गोष्ट आहे, पार्शल डिफरन्शिएशन. दोन संध्याकाळी नीट बसलं तर येते. पण ती त्याला कोणी शिकवलेलीच नाही, आणि सत्तर जणांच्या वर्गात हात वर करून तसं सांगायची त्याला लाज वाटते. लाप्लासला लागणारं इंटिग्रेशन बाय पार्ट्स तो शिकला होता, पण अडीच वर्षांपूर्वी.

नियमानुसार विद्यापीठांनी अशा मुलांसाठी ब्रिज कोर्स घ्यायचा असतो. काही कॉलेजं तो मनापासून घेतात. पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवटचा पेपर झाल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंत मुलाच्या हाताशी दोन-तीन महिने मोकळे असतात, आणि ते कट-ऑफच्या चर्चेत संपतात. या काळात राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताचा दुसरा भाग काढा, त्यातलं डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन पुन्हा पक्कं करा. त्यानंतर बी. एस. ग्रेवाल यांच्या हायर इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्समधलं पार्शल डिफरन्शिएशनचं प्रकरण. रोज दीड तास, वही-पेन घेऊन. व्हिडिओ बघून गणित येत नाही. कॉलेज कोणतंही मिळो, ही मेहनत लागू पडतेच. म्हणून यादीची वाट पाहत थांबण्यात अर्थ नाही.

परीक्षेची पद्धतही बदलते. तंत्रशिक्षण मंडळाच्या पेपरला मुलं ‘एनी फाइव्ह’, ‘एनी थ्री’ अशा पर्यायांना सरावलेली असतात, दोन आणि चार गुणांची नेमकी उत्तरं लिहिण्यात त्यांचा हात बसलेला असतो. पदवीच्या पेपरात एकच लांबलचक सिद्धता किंवा उदाहरण पायरीपायरीने न्यावं लागतं. विद्यापीठाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका पहिल्याच आठवड्यात मिळवा आणि एक तरी वेळ लावून सोडवा.

त्यात उशीर. डीएसईच्या फेऱ्या संपेपर्यंत अनेकदा दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन बरेच आठवडे झालेले असतात. मुलगा वर्गात पोहोचतो तेव्हा दोन युनिट संपलेली, अंतर्गत परीक्षा तोंडावर आलेली, वसतिगृहाच्या खोल्या भरलेल्या आणि मित्रांचे गट जमलेले. अशा वेळी पहिल्याच दिवशी विभागातला आधीच्या वर्षीचा डीएसईचा विद्यार्थी शोधावा. तो याच सगळ्यातून नुकताच गेलेला असतो. त्याच्या नोट्स आणि जर्नल्स तर मिळतातच, पण कोणत्या विषयाला आधी हात घालायचा हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

या सत्राला मी एवढं वजन देतो त्यामागे आणखी एक कारण आहे. बारावीहून आलेल्या मुलाच्या खात्यात पहिल्या वर्षाचे गुण जमा असतात. डिप्लोमाच्या मुलाची पदवीची सरासरी तिसऱ्या सत्रापासूनच सुरू होते. तिसऱ्या वर्षात कंपन्या इंटर्नशिपसाठी येतात तेव्हा त्याच्याकडे दाखवायला जेमतेम दोन सत्रांचे गुण असतात. त्यातलं एक सत्र बिघडलं आणि एम-थ्रीचा बॅकलॉग राहिला, तर पात्रतेच्या चाळणीतच नाव गळतं, मग प्रॅक्टिकलमध्ये तो कितीही तरबेज असो. पालकांनो, या काळात ‘९३ टक्केवाला मुलगा, ५८ कसे पडले?’ असं विचारू नका. मुलाला त्या क्षणी हवी असते ती गणिताची शिकवणी, ती लावून द्या. घरी येण्याची सक्तीही सणापुरती सोडून द्या.

बारावीच्या मार्गाने गेलेल्या आणि हवी ती शाखा न मिळालेल्या मुलांचे पालकही विचारतात, एक वर्ष काढून नंतर बदलता येईल का? येतं, पण त्या भरवशावर प्रवेश घेऊ नये. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलायची तर त्या शाखेत जागा रिकामी हवी आणि मुलगा गुणवत्तेत अगदी वर हवा. कॉलेज बदलायचं तर रिकाम्या जागेबरोबर दोन्ही कॉलेजांची ना हरकत आणि विद्यापीठाची मंजुरी लागते. अनेक आयआयटींनी तर पहिल्या वर्षानंतरचा शाखाबदल बंदच केला आहे. तेव्हा जी शाखा चारही वर्षं शिकायची मनाची तयारी आहे, तीच भरा.

घरची परिस्थिती अशी असेल की मुलाला लगेच कमावणं भाग आहे, तर डिप्लोमावर नोकरी धरण्यात कमीपणा नाही. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांना अशी मुलं हवीच असतात. पदवीची वाटही त्याने बंद होत नाही. २०२३ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदवी अभ्यासक्रम मान्य केले आहेत. त्यासाठी किमान एक वर्ष पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासूनचं नियुक्तीपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवायला मुलाला सांगा. गणिताची वहीही त्याच फाइलसोबत राहू द्या, तिथेही एम-थ्री आहेच.