मोबाईलचा पहिला पडदा आणि मुलांचे डोळे

डोळे चुरचुरतात म्हणून आई-वडील मुलाला घेऊन येतात, तेव्हा मी मुलालाच विचारतो, "मोबाईल उघडलास की समोर काय काय दिसते रे?" नाशिक शहरातील मूल असो की सिन्नरचे, उत्तर बहुधा एकच. अंगठ्याजवळ यूट्यूब आणि खेळ; २०२० साली शाळा बंद असताना अभ्यासासाठी घेतलेले 'दीक्षा' अगदी शेवटच्या पानावर!

पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते व डोळे कोरडे पडतात. खेळ काढून टाकले तर मुले संध्याकाळपर्यंत पुन्हा घेतात. त्यापेक्षा ते एका फोल्डरमध्ये घालून मागच्या पानावर न्यावेत, त्यांच्या सूचना बंद कराव्यात. फराळाचा डबा आपण वरच्या फळीवर ठेवतो, तसेच हे. मात्र ही मांडामांड मुलाकडूनच करवून घ्यावी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असते. तेथे प्रत्येक अॅपला रोजची वेळमर्यादा घालता येते.

दर २० मिनिटांनी २० सेकंद निदान २० फुटांपलीकडे पाहावे. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असेल तर उत्तमच. फळ्यावरचे अंधुक दिसत असेल तर मात्र नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.