शालेय कथा आणि उपेक्षित मुलाचे धैर्य

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील पहिल्या कादंबरीत (१९९७) हॉगवर्ट्स या जादूच्या निवासी शाळेतील नेव्हिल लाँगबॉटम हा विसराळू, थट्टेचा विषय झालेला मुलगा रात्री नियम मोडून निघालेल्या मित्रांचीच वाट अडवतो. मंत्रापुढे तो तत्काळ हरतो. तरीही त्याला मिळालेले १० गुण दोन गृहांमधील ४७२ गुणांची बरोबरी मोडतात.

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला किडकिडीत बनेश फेणे चपळाईने व समयसूचकतेने संकटे निवारतो. दोघांच्याही धैर्यात जादूचा अंश नाही, हे लक्षणीय होय. भेद आहे तो पारखीचा. फेणेच्या धैर्याची ग्वाही त्याचे यशच देते. नेव्हिलच्या पराभवातील धैर्य ओळखण्यास मुख्याध्यापक लागतो. शालेय कथेच्या अभ्यासात म्हणूनच शिक्षकाची ही दृष्टी तपासणे अगत्याचे ठरते.