गल्ला रिकामा, पण काम चोख? शिकागोच्या एका मॅचमधून शिकूया



"सर, दुकान टाकून तीन महिने झाले. सगळं नीट करतोय, पण गल्ल्यात काही दिसत नाही. बंद करू का?" हा प्रश्न मला सारखा येतो. आजचा धडा त्यावरच. उदाहरण लांबचं आहे, बेसबॉलचं. खेळ कळत नसला तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगतो.

मॅच काय होती?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात दोन मोठ्या टीम आहेत. उत्तरेला कब्ज, दक्षिणेला व्हाइट सॉक्स. दोघांची मैदानं एकाच रेड लाइन रेल्वेवर. एकाच पेठेतली दोन जुनी दुकानं समजा ना!

५ मे २०१४. सीझन १६२ मॅचचा, त्यातला जेमतेम पहिला महिना संपलेला. कब्जच्या रिग्ली फील्डवर दोघे समोरासमोर. कब्जचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता जेफ समार्जा. साधारण शंभर बॉल झाले की पिचर बदलतात. याने नऊ इनिंग्ज काढल्या, १२६ बॉल टाकले. समोरच्यांना दिला एकच रन, तोही फिल्डिंगच्या चुकीमुळे, त्याच्या हिशोबात न धरलेला.

पण कब्जनेही एकच रन केला. १-१ बरोबरी. समार्जा बाहेर आला आणि बाराव्या इनिंगमध्ये व्हाइट सॉक्सने मॅच ३-१ ने नेली.

आता गंमत बघा. पिचरच्या नावावर विजय लागायला टीमने रन करावे लागतात. त्यामुळे इतकी भारी बॉलिंग करूनही त्या सीझनमध्ये त्याच्या विजयाच्या रकान्यात शून्यच होतं! पहिला विजय मिळाला थेट २६ मे ला.

मग तो वाईट पिचर होता का? जाणकारांनी शून्य बघितलंच नाही. जुलैमध्ये ऑकलंडच्या टीमने त्याला आणि आणखी एका पिचरला घेतलं, आणि बदल्यात आपले तरुण खेळाडू दिले. त्यातला अ‍ॅडिसन रसेल २०१६ मध्ये, १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या कब्ज टीममध्ये होता.

आपल्या दुकानाला काय लागू होतं?

धंद्यात दोन आकडे असतात. एक निकालाचा: गल्ला. त्यात सीझन, पाऊस, समोरचा दुकानदार, सगळ्यांचा हात असतो. दुसरा आपल्या कामाचा. तो पूर्ण आपल्या हातात.

माझं भांड्यांचं दुकान. पहिले काही महिने मी रोज रात्री फक्त गल्ला मोजायचो आणि तोंड पाडून घरी जायचो. मग बायको म्हणाली, "आले किती, घेऊन गेले किती, रिकाम्या हाताने गेलेल्यांनी काय मागितलं, ते लिही की." पंधरा दिवसांत वही बोलायला लागली. लोक येत होते, पण छोटे डबे मागत होते आणि माझ्याकडे होते मोठे! बंद करायचं होतं ते दुकान नव्हे, चुकीची खरेदी.

पण एक सांगतो, हे स्वतःची समजूत काढायला वापरू नका. समार्जाचे बॉल खरंच चांगले पडत होते. तुमच्या वहीत गिऱ्हाईक परत येत नसेल, तर दोष नशिबाचा नाही, कामाचा आहे. आणि १२६ बॉल रोज टाकता येत नाहीत. पहिल्याच महिन्यात सगळं भांडवल आणि तब्येत पणाला लावू नका.

आजचा होमवर्क

तीस दिवस वहीत चार रकाने भरा:
१. किती जण आले
२. किती जणांनी घेतलं
३. काय मागितलं जे नव्हतं
४. किती जण पुन्हा आले

महिनाअखेरीस आधी ही वही उघडा, मग गल्ला. बंद करायचं की चालू ठेवायचं, ते त्यानंतर ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!