देवास गेटवरची चूक आणि डेबियनची भांडारे
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडले की समोरच देवास गेटचा बसस्टँड लागतो. तेथून जवळच माझ्या मामांचे झेरॉक्सचे व ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे लहानसे दुकान आहे. दुकानातील संगणकावर डेबियन हे लिनक्स चालते. २०२४ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो असता मी त्यावर एक पराक्रम केला. त्यातून जे शिकलो ते वाचकमित्रांपुढे ठेवतो.

डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केली. त्यातील सॉफ्टवेअर विकत आणायचे नसते. संगणक ते इंटरनेटवरील भांडारातून उतरवून घेतो. कोणत्या भांडारातून, हे एका छोट्या यादीत लिहिलेले असते. नवा माल प्रथम ‘अनस्टेबल’मध्ये येतो. त्याचे टोपणनाव ‘सिड’; ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे! तेथे काही दिवसांत गंभीर तक्रार आली नाही तर माल ‘टेस्टिंग’मध्ये जातो. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, दोष काढतात आणि त्याचेच ‘स्टेबल’ होते. मग त्यात सहसा दुरुस्त्याच तेवढ्या येतात, नव्या आवृत्त्या येत नाहीत.

मामांकडे २०२३ चे स्टेबल, म्हणजे ‘बुकवर्म’ होते. त्यातील लिब्रेऑफिस ७.४ मला जुने वाटले. मी यादीत टेस्टिंगची एक ओळ वाढवली आणि सर्व अद्ययावत करण्याची आज्ञा दिली. दोन्ही भांडारांना संगणक सारखाच मान देतो आणि वरची आवृत्ती निवडतो. शिवाय नवे ऑफिस नव्या मूलभूत लायब्ररींवर बांधलेले, आणि त्याच लायब्ररींवर बाकीचे प्रोग्रामही उभे. एका खात्यासाठी वर्षाच्या मध्येच सगळी खतावणी नव्याने मांडावी, तसे झाले. शेकडो पॅकेजे बदलणार असल्याचे पडद्यावर आले होते. मी न वाचताच होकार दिला.

सायंकाळी प्रिंटर गप्प. मामा म्हणाले, “अरे, बाहेर रांग लागलीय आणि तू हे काय करून ठेवलंस?” मागे फिरण्याची सोयही नाही, कारण खालच्या आवृत्तीवर उतरणे डेबियनच्या व्यवस्थेत गृहीतच धरलेले नाही. रात्रभर जागून सर्व पुन्हा बसवावे लागले.

मग स्टेबलवाल्यांना नव्या भांडाराचे दारच दाखवू नये काय? मला तसे वाटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी लपवलेला चोरदरवाजा सापडला. तो टेस्टिंग व अनस्टेबलमध्ये शिरला होता, स्टेबलमध्ये नव्हता. पण सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते अनस्टेबल वापरत होते. दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला तो जाहीर केला. नवे कोणी वापरलेच नसते, तर हाच माल पुढे स्टेबलमध्ये, म्हणजे मामांच्या दुकानातही आला असता. मात्र हे शोधकाम फॉर्मची शेवटची तारीख असलेल्या दुकानात करू नये, हे मी आता जाणतो.

दुकानासाठी ‘बॅकपोर्ट्स’ हे वेगळे भांडार आहे. २०१० पासून ते डेबियनचे अधिकृत अंग आहे. त्यात निवडक नवे प्रोग्राम स्टेबलच्याच लायब्ररींवर पुन्हा बांधून ठेवतात. त्याचा मानही मुद्दाम कमी ठेवलेला असतो: स्टेबलचा ५००, बॅकपोर्ट्सचा १००. त्यामुळे नाव घेऊन मागितल्याखेरीज त्यातील काहीही आपणहून बसत नाही. नवे ऑफिस मी शेवटी तेथूनच घेतले, आणि प्रिंटर चालू राहिला.

मामांनी त्या यादीची एक छापील प्रत गल्ल्याच्या खणात ठेवली आहे. मी आलो की आधी ती बाहेर निघते.