चालत्या सर्व्हरवर काम करणारे हवेत

वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून उस्मानपुऱ्यापर्यंत जागोजागी दिसतात. पण बनवलेली वेबसाइट सर्व्हरवर चढवायची, तिला लागणारे प्लगइन आणि मॉड्यूल बसवायचे, रात्री-अपरात्री ती बंद पडली तर उभी करायची, हे फारसं कुणी शिकवत नाही. त्यामुळे हे काम येणारी मुलं थोडी असतात आणि ज्यांना येतं त्यांना रिकामं बसावं लागत नाही. शहराच्या छावणी (कँटोन्मेंट) भागातल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी या कामाकडे नीट पाहावं असं मला फार वाटतं. याला लाखोंची डिग्री लागत नाही. सराव लागतो, आणि तो घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही करता येतो.

छावणीचं नाव मुद्दाम घेतो. इथल्या बऱ्याच घरांत फौजेची नोकरी आहे किंवा होती. वडिलांची बदली झाली की मुलांची शाळा बदलते, कॉलेज अर्धवट सुटतं, क्लासची फी बुडते. सर्व्हरचं काम गावाला बांधलेलं नाही. सर्व्हर मुंबईत असो की सिंगापुरात, इंटरनेट आणि एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याची, किल्ली हाताशी असली की तो इथून चालवता येतो. दुसरी गोष्ट, हे काम आता पुण्या-बेंगळुरूपुरतं उरलेलं नाही. 16 फेब्रुवारी 2021 रोजी देशातल्या छावणी परिषदांसाठी ई-छावणी पोर्टल सुरू झालं. भाडेपट्ट्याचं नूतनीकरण, व्यवसाय परवाना, सांडपाण्याची जोडणी असे अर्ज त्यावर करता येतात. पूर्वी ज्या कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागायच्या, ते काम आज कुठल्या तरी सर्व्हरवर चालतं आणि तो सर्व्हर कुणीतरी सांभाळतं. ते सांभाळणारं माणूस आपल्या घरातलं असू शकतं, एवढंच मला पालकांना सुचवायचं आहे.

आता कामाकडे येऊ. जगातले बहुसंख्य वेब सर्व्हर युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर चालतात. युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं. 1995 मध्ये अपाची हा वेब सर्व्हर आला. लिनक्स आणि अपाची दोन्ही फुकट मिळतात आणि आजही जोरात चालतात. या सर्व्हरला मूळ स्वरूपात पानं दाखवता येतात, बाकी सगळं वरून बसवावं लागतं. फॉर्म भरून घ्यायचा, लॉगइन ठेवायचं, मराठीत शोध द्यायचा, पैसे स्वीकारायचे, की आलं अ‍ॅड-ऑन.

या कामाचं स्वरूप समजायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. 2000 च्या आसपास ज्यांनी कॉम्प्युटर शिकला, त्यांना फ्रंटपेज आठवत असेल. वर्मीर टेक्नॉलॉजीज नावाच्या छोट्या कंपनीने ते तयार केलं आणि जानेवारी 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. फ्रंटपेजमध्ये वर्डसारखं पान टाइप करायचं आणि एक बटण दाबून सर्व्हरवर पाठवायचं. वापरणाऱ्याला हे फार सोपं वाटे. सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी मात्र तिथूनच काम सुरू होई, कारण ते बटण चालायला सर्व्हरवर 'फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शन्स' बसवलेली लागत, आणि सर्व्हर बहुधा युनिक्सवरचा अपाची असे.

ते बसवणं म्हणजे नुसतं 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' नव्हतं. अपाचीला पॅच लावून तो नव्याने बांधावा लागे किंवा त्यासाठीचं खास मॉड्यूल घालावं लागे. मग इन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवायची. ती विचारणार: सर्व्हरची कॉन्फिग फाइल कुठे आहे, पोर्ट कोणता, या वेबचा मालक कोणता युजर, ग्रुप कोणता. एका उत्तरात चूक झाली तरी ग्राहकाला आपलंच पान बदलता येत नसे. प्रत्येक साइटमध्ये 'व्हीटीआय' नावाने सुरू होणारे फोल्डर तयार होत आणि त्यांत प्रत्येक पानाची नोंद राही. ग्राहकाने फ्रंटपेज सोडून एफटीपीने एखादी फाइल चढवली की नोंदी आणि प्रत्यक्ष फाइल्स यांचा मेळ बसेनासा होई. मग अ‍ॅडमिनने बसून तपासणीची आज्ञा द्यायची आणि सगळ्या नोंदी पुन्हा जुळवून घ्यायच्या.

सर्वांत नाजूक भाग परवानग्यांचा होता. एकाच मशीनवर शेकडो ग्राहकांच्या साइट असत. प्रत्येकाची फाइल त्याच्याच नावावर राहावी म्हणून या एक्स्टेन्शनमधला एक छोटा प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, ताकदीने चालू होई आणि मग योग्य त्या युजरचं रूप घेई. अख्ख्या वाड्याची मास्टर किल्ली दारवानाच्या हाती द्यावी, तशी ही व्यवस्था होती. दारवान प्रामाणिक असेपर्यंत ठीक. तेव्हाच्या जाणत्या अ‍ॅडमिनांनी त्यावर कडक टीका केली, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं.

2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने युनिक्ससाठीच्या या एक्स्टेन्शन्सचा पाठिंबा थांबवला आणि त्याच वर्षाअखेर फ्रंटपेजही गुंडाळलं. आज ते कुणी मागत नाही. मग ज्यांनी ते शिकण्यात वर्षं घातली, त्यांची मेहनत वाया गेली का? ज्यांनी फक्त बटणं पाठ केली होती, त्यांची गेली. पण हा प्रोग्राम कोणत्या युजरच्या नावाने चालतो, त्याला कुठल्या फोल्डरमध्ये लिहिता येतं, कॉन्फिग फाइल बदलण्याआधी तिची प्रत कुठे ठेवायची, चूक कुठल्या लॉगमध्ये दिसेल, हे प्रश्न ज्यांना पडायला लागले त्यांना पुढे वर्डप्रेस, ड्रुपल, मूडल काहीही आलं तरी अडचण आली नाही. उत्पादनं बदलली, हे चार प्रश्न बदलले नाहीत. मुलाने कोणतं सॉफ्टवेअर शिकावं यापेक्षा त्याला हे प्रश्न पडतात का, हे मी आधी बघेन.

आजचं उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या शाळेच्या वर्डप्रेस साइटवर प्रवेश अर्जासाठी प्लगइन बसवायचं आहे. जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत, तेव्हा हे काम कुणाच्याही वाट्याला येईल. कच्चा मुलगा लॉगइन करतो, 'इन्स्टॉल' दाबतो आणि देवावर हवाला ठेवतो. तयार मुलगी आधी सर्व्हरवर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती कोणती आहे ते बघते आणि प्लगइनला ती चालते का ते ताडून घेते. मग फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घेते. नुसत्या फाइल्सचा बॅकअप अर्धाच असतो, कारण आलेले अर्ज डेटाबेसमध्ये असतात. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उलगडून साइट उभी राहते का, हेही ती पाहते. त्या चाचणीच्या प्रतीवर प्लगइन बसवते, दोन-चार अर्ज भरते, मराठी नावं जोडाक्षरांसकट नीट साठतात का बघते. मूळ सर्व्हरवर कॉन्फिग बदलावी लागली तर अपाची रीस्टार्ट करण्याआधी कॉन्फिग तपासण्याची आज्ञा देते. 'सिंटॅक्स ओके' आल्यावरच पुढे जाते. आणि दुसऱ्या खिडकीत एरर लॉग सतत उघडा ठेवते. हे सगळं सवयीने होतं. सवय लागली की हात बसतो.

या टप्प्यावर नवखी मुलं एक चूक हमखास करतात. 'परमिशन डिनाइड' असा संदेश आला की फोल्डरला 777 परवानगी देऊन मोकळी होतात. म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला तिथे वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. काम तात्पुरतं भागतं, दार मात्र उघडं राहतं. साधारणपणे फोल्डरला 755 आणि फाइलला 644 पुरतात. तेवढ्यानेही अडलं तर गडबड मालकीत असते, ती शोधायची. दुसरी चूक म्हणजे विकतचं प्लगइन फुकट मिळतं म्हणून भलत्याच ठिकाणाहून उतरवून घ्यायचं. अशा चोरीच्या प्रतींमध्ये चोरवाट ठेवलेली असण्याचा धोका फार मोठा असतो.

अधिकृत ठिकाणाहून घेतलं म्हणजेही संपलं असं नाही. सप्टेंबर 2020 मधली गोष्ट आहे. वर्डप्रेसचं 'फाइल मॅनेजर' नावाचं प्लगइन 7 लाखांहून अधिक साइटवर होतं. त्यात नमुना म्हणून आलेली एक फाइल नाव बदलून तशीच चालती राहिली होती, आणि लॉगइन न करता कुणालाही तिच्यातून सर्व्हरवर हवी ती फाइल चढवता येत होती. 1 सप्टेंबरला दुरुस्त आवृत्ती आली. ज्यांनी ती लगेच घातली त्यांच्यापुरतं ते दार बंद झालं. बाकीच्यांच्या साइट हल्लेखोरांसाठी उघड्याच राहिल्या. प्लगइन बसवणं एका दुपारचं काम आहे. त्याच्यावर लक्ष ठेवणं वर्षानुवर्षांचं, आणि पगार मुख्यतः त्याचाच मिळतो.

नोकरीबद्दल खरं तेच सांगायला हवं. पहिली नोकरी बहुधा होस्टिंग कंपनीच्या सपोर्टमध्ये मिळते. तिकिटं सोडवायची, ग्राहकांचे वैतागलेले फोन घ्यायचे, रात्रपाळी करायची. पगार सुरुवातीला बेताचा असतो. वडिलांच्या मित्राच्या मुलाला मिळालेल्या पॅकेजशी त्याची तुलना करू नका. दोन-तीन वर्षांत हात तयार झाला की सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, क्लाउड, डेव्हऑप्स, सुरक्षा अशा वाटा फुटतात. ज्याला शहर सोडायचं नाही, त्याला इथली इस्पितळं, हॉटेलं, शाळा, वाळूजचे छोटे उद्योग यांच्या साइट वर्षभराच्या करारावर सांभाळता येतात. मुलगी रात्रपाळी कशी करणार, ही काळजी मी समजू शकतो. यातलं बरंचसं काम घरूनही होतं. मुलाखतीतच पाळीबद्दल आणि ने-आणीबद्दल स्पष्ट विचारायला तिला शिकवा.

शिकायचं कुठे? छावणीतून नागसेनवन ओलांडलं की विद्यापीठ लागतं, आणि विद्यापीठाच्या आवारातच नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक-शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. नायलिटच्या 'ओ' लेव्हलच्या चार मुख्य विषयांत वेब डिझायनिंग अँड पब्लिशिंग हा एक स्वतंत्र विषय आहे. शासकीय तंत्रनिकेतन आणि 1960 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय शहरातच आहेत. आयटीआयचा कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड केलेल्या मुलांनीही स्वतःला कमी लेखू नये, या कामात प्रमाणपत्रापेक्षा हात बघतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट ऐकायला मिळतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी हीच सुरुवात सुचवतो. पाया झाल्यावर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा द्यावी. तिच्यात पर्यायी प्रश्न नसतात. समोर मशीन देतात, काम करून दाखवायचं, आणि 300 पैकी 210 गुण मिळाले की पास. या परीक्षेची फी मात्र तयारी पूर्ण झाल्यावरच भरावी.

इंग्रजीची धास्ती घेऊन कितीतरी हुशार मुलं मागे सरतात. सर्व्हरचं इंग्रजी मर्यादित असतं. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, जोडणी नाकारली, पोर्ट आधीच कुणीतरी धरून ठेवलाय, डिस्क भरली. फिरून फिरून तेच संदेश येतात, महिनाभरात ते ओळखीचे होतात. ग्राहकाला इंग्रजीत ईमेल लिहिणं तेवढं वेगळं शिकावं लागतं, आणि तेही जमतं.

एआय हे काम खाऊन टाकेल का, असंही पालक विचारतात. आज्ञा लिहून देण्याचं काम एआय आत्ताच करतं, आणि मुलांनी ते जरूर वापरावं. पण प्रवेशाच्या ऐन गर्दीत, चालत्या सर्व्हरवर, ती आज्ञा आत्ता द्यायची की नाही, बॅकअप खरंच चालतो का, बिघडलं तर कुणाला फोन करायचा, याचा निर्णय आणि जबाबदारी माणसाकडे राहते. न समजता चिकटवलेली आज्ञा पूर्वीही साइट पाडायची, आताही पाडते.

क्लासची फी भरण्याआधी पालकांनी एवढं करावं. मालकांना विचारा: मुलाला स्वतःचा लिनक्स सर्व्हर रूट परवानगीसकट मिळणार का? तो मोडला तर त्यालाच दुरुस्त करू देणार का? बॅकअपमधून साइट परत उभी करण्याची परीक्षा घेता का? उत्तरं गोलमाल आली तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात उबुंटू सर्व्हर चढवा, अपाची आणि वर्डप्रेस बसवा. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातल्या आपल्या दुकानाची किंवा आजोबांच्या रेजिमेंटच्या आठवणींची साइट त्यावर उभी करा. मग मुलाला ती मुद्दाम मोडायला सांगा, आणि लॉग वाचून परत उभी करायला सांगा.