इथेच का, हा पहिला प्रश्न

यवतमाळकडे कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्या लोकांची कागदपत्रं मी वकील म्हणून लावून देतो. परदेशी कंपनीवर तिच्याच देशात दावा लावता येईल का, असं घरचे विचारतात. त्यांना जे सांगतो, ते इथे लिहितो.

१. अन्याय केवढा झाला हे कोर्ट नंतर बघतं, आधी विचारतं, ‘इथेच का?’ भोपाळ वायुदुर्घटनेचे दावे न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये काढून टाकले. साक्षीदार भारतात, कारखाना भारतात, तेव्हा खटला तिथेच चालणं सोयीचं, असं त्यांनी ठरवलं. १९८९ मध्ये आपल्याकडे ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या ‘सोयी’ची किंमत पीडितांनी मोजली, असं माझं ठाम मत आहे.

२. एक निकाल बाजूने लागला म्हणून निश्चिंत होऊ नका. मुंद्र्याच्या मच्छीमारांनी औष्णिक वीजप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनवर दावा लावला. अशा संस्थेला दाव्यांपासून सरसकट संरक्षण नाही, असं २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं. पुढे खालच्या कोर्टाने तक्रारीचं मूळ भारतातलं आहे असं धरलं आणि दावा गेलाच.

३. बाटली फेकू नका. यवतमाळच्या २०१७ च्या विषबाधेनंतर दोन मृतांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी २०२० मध्ये सिन्जेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली. तिचं मुख्यालयच बासेलला, त्यामुळे ‘इथेच का’ला उत्तर होतं. पण अशा दाव्यात बाधा नेमकी कोणत्या औषधाने झाली, हेही दाखवावं लागतं. फवारणारा रोजंदारीवर. औषध मालकाने कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेलं, बिल असलंच तर त्याच्या नावावर. पंपात दोन-तीन औषधं एकत्र. केस पेपरवर नुसतं ‘अज्ञात विष’. मग धुऱ्यावर पडलेली रिकामी बाटली आणि तिच्यावरचा बॅच नंबर, एवढाच धागा उरतो. पहिल्या भेटीत मी आधी तेच मागतो.

४. मुदत सांभाळा. सदोष उत्पादनाच्या दाव्यासाठी स्विस कायद्यात तीन वर्षं आहेत. घर सावरेपर्यंत त्यातला मोठा काळ निघून जातो. म्हणून तेरवी झाली की मर्गची, म्हणजे पोलिसांकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीची, नक्कल आणि शवविच्छेदनाचा अहवाल काढा. ती माणसं ज्या मनःस्थितीत असतात, त्यात हे सांगणं मला जड जातं, तरी सांगतो.