दुकान म्हणजे पेन्शन नव्हे



वर्ध्याच्या रेल्वेत किंवा पुलगावच्या दारूगोळा भांडारात 2004 पूर्वी कायम नोकरीस लागलेला माणूस निवृत्त झाला की त्याला आयुष्यभराची पेन्शन लागू होते. त्याच गल्लीतल्या साठीच्या कापड दुकानदाराला, शिंप्याला किंवा गादीवाल्याला विचारा, "म्हातारपणाची काय तजवीज केली?" उत्तर ठरलेले असते. "दुकान आहे, मुले आहेत, अल्लाह मालिक आहे."

आम्हीही तीस वर्षे हेच उत्तर देत आलो. यातले शेवटचे वाक्य तर ईमानाचेच आहे. पण हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिला, तो तवक्कुलच्या विरुद्ध नव्हता. तजवीज करणे हा भरवशाचाच एक भाग आहे. प्रश्न उरतो तो पहिल्या दोन वाक्यांचा. दुकान म्हातारपणी खरोखर किती दिवस पोसेल? याचा हिशेब आम्ही प्रथमच केला, तेव्हा आमची झोप उडाली. तो हिशेब आज येथे मांडत आहोत.

जकातीच्या कागदावर दुसरा रकाना

आपल्यापैकी बहुतेक जण रमजानमध्ये जकातीसाठी मालमत्तेचा हिशेब काढतात. हा कागद म्हणजे आपला वार्षिक ताळेबंदच होय. मागच्या रमजानमध्ये आमचा हिशेब असा निघाला. दुकानातला माल विक्रीच्या भावाने 14 लाख रुपये. वसूल होण्यासारखी उधारी 2 लाख 45 हजार. रोकड व बँकेतील रक्कम 65 हजार. ठोक व्यापाऱ्यांचे देणे 3 लाख 10 हजार. म्हणजे निव्वळ 14 लाख रुपये आणि त्याचा चाळिसावा हिस्सा, 35 हजार रुपये जकात. जकात दिली, मन शांत झाले.

मुलगा कागदाकडे पाहत म्हणाला, "अब्बा, उद्या दुकान बंद केले तर यातले किती हातात येईल?" म्हणून त्याच कागदावर दुसरा रकाना आखला. नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याला सगळा माल एकदम उचलण्याचा भाव विचारला. त्याने साडेपाच लाख सांगितले. त्याचेही खोटे नव्हते. तीन वर्षांपूर्वीचे शर्टिंगचे ताके आणि रंग उतरलेल्या साड्या कोण घेणार? दुकान बंद झाल्याचे कळताच उधारीवाले रस्ता बदलतात, म्हणून उधारी निम्मी, 1 लाख 20 हजार धरली. रोकड मिळवली, देणे वजा केले. उरले 4 लाख 25 हजार. दुकानाची जागा भाड्याची, म्हणून तिचे काही नाही. घरखर्च महिन्याला 18 हजार. भागाकार केला तर दोन वर्षेही पुरत नाहीत. एकतीस वर्षांच्या धंद्याची ही शिल्लक!

वाचकांना आमची पहिली विनंती हीच आहे. जकातीचा कागद जकात देऊन झाल्यावर फाडू नका. त्यावर दुसरा रकाना आखा.

कापसाची उधारी

आपल्या जिल्ह्यातला कापडाचा धंदा कापसावर चालतो. पोळा, दसरा, दिवाळीला शेतकऱ्याच्या घरी कपडा जातो आणि पैसे येतात ते हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या बाजारात कापूस विकल्यावर. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत चुकारे लांबले की आमची वसुलीही लांबत असे. पुढे नापिकी आणि आत्महत्यांचा तो काळा काळ आला. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात वर्धा जिल्हाही होता. ज्या घरात मयत झाली, त्या घरी वही घेऊन कोणता दुकानदार जाईल? आम्ही गेलो नाही आणि त्याचा पश्चात्तापही नाही. पण जी रक्कम माणुसकीने सोडली ती वहीत मात्र तशीच लिहिलेली राहिली, आणि आम्ही तिला आपली संपत्ती समजत राहिलो.

येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे उधारीच्या मालाच्या रकमेसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षे असते. मुदत संपण्यापूर्वी लेखी, सहीची कबुली घेतली तर ती नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी वहीवर सही घ्यावी. तीन वर्षांपलीकडची बिनसहीची उधारी म्हातारपणाच्या हिशेबात शून्य धरावी. आली तर बरकत.

पिग्मीची गोष्ट

दुकानाचा पैसा दुकानातच का राहतो? कारण तो कधी बाहेर निघतच नाही. नफा झाला की नवा माल भरतो. गल्ला एकच, त्यातूनच घर आणि त्यातूनच माल. यावरचा उपाय जुना आहे आणि तो आपल्याच धंद्याच्या अडचणीतून निघाला आहे. 1925 साली कर्नाटकात उडुपी येथे हातमाग विणकरांच्या हलाखीवर इलाज म्हणून एक बँक निघाली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. या बँकेने 1928 मध्ये पिग्मी योजना काढली. एजंट रोज दारात येऊन अगदी दोन आणेसुद्धा जमा करीत असे. महिन्याच्या शेवटी विणकराजवळ काही उरत नाही, पण रोज संध्याकाळी दोन आणे नक्की असतात, ही त्यामागची समज.

आमच्याकडेही पिग्मी एजंट वर्षानुवर्षे येत होता. पण आमची पिग्मी गावातल्या एका पतसंस्थेत होती. एक दिवस तिचे शटर उघडले नाही आणि आमचे 92 हजार रुपये आत राहिले. चूक पिग्मीची नव्हती, जागेची होती. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसुद्धा, फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येकी पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेला ते नाही. रोज पैसे देण्यापूर्वी एवढे तरी विचारून घ्यावे.

रोजचे 200 रुपये, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे वर्षाचे 60 हजार. तिशीत सुरुवात केली तर साठीपर्यंत 18 लाख. बावन्नाव्या वर्षी सुरुवात केली तर बासष्टीला फक्त 6 लाख. कारागिराने रोज 50 रुपये काढले तरी तीस वर्षांत साडेचार लाख होतात. आकडे साधे आहेत, पण गेलेली वर्षे विकत मिळत नाहीत.

पैसा कुठे ठेवावा?

नुसता साठवलेला पैसा महागाई खाते. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणून पैसा कामाला लावावा लागतो. व्याज तर नको आहे. मग काय करावे?

1. जमेल त्याने प्रथम दुकानाची जागा स्वतःची करावी. शटर ओढल्यावर माल उरत नाही, पण गाळा भाडे देतो.

2. व्याजावर चालणाऱ्या व हराम धंद्याच्या कंपन्या वगळून निवडलेल्या शेअर्सचा शरिया 50 निर्देशांक मुंबई शेअर बाजारात डिसेंबर 2010 मध्ये सुरू झाला. टाटा एथिकल व टॉरस एथिकल हे म्युच्युअल फंडही याच तत्त्वावर आहेत. यात भाव वरही जातो आणि खालीही येतो. पाच वर्षांत लागणारा पैसा तेथे घालू नये.

3. 'हलाल' नाव देऊन दरमहा ठरावीक नफा देणाऱ्यापासून दूर राहावे. मुदारबतमध्ये नफ्याचा हिस्सा ठरतो, रक्कम ठरत नाही, आणि तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा असतो. जो तोट्याचे नावच काढत नाही तो व्यापार करीत नाही. जून 2019 मध्ये बंगळूरच्या आयएमए कंपनीचा प्रमुख देश सोडून पळाला, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची कमाई अडकली.

4. लहान व्यापाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 12 सप्टेंबर 2019 रोजी पेन्शन योजना सुरू केली. वय 18 ते 40, उलाढाल दीड कोटींपर्यंत, आयकर भरणारा नसावा. वयाप्रमाणे महिन्याला 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार आणि साठीनंतर महिन्याला 3 हजार रुपये मिळणार. 15 हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना अशीच आहे. आमचे वय निघून गेले, आपल्या मुलांचे गेलेले नाही. योजनेतील पैशाच्या गुंतवणुकीबाबत शंका असेल तर विश्वासू आलिमांना विचारावे, पण न विचारताच चाळिशी ओलांडू देऊ नये.

मुलांवर किती भार?

आई-वडिलांची सेवा मुलांवर फर्ज आहे, यात वाद नाही. पण त्यांचाही संसार याच धंद्यावर आहे, आणि तो आता मॉल व मोबाइलवरच्या खरेदीशी झुंजत आहे. आमच्या दुकानासमोर चाळीस वर्षे मशीन चालविणारे एक टेलर मास्तर होते. डोळे गेले तेव्हा ते म्हणाले, "भाई, मुलगा देतो, नाही म्हणत नाही. पण मागताना मान खाली जाते." त्यांचे हे वाक्य आम्हाला सगळ्या आकड्यांपेक्षा जड वाटले.

म्हणून आम्ही या वर्षापासून तीन गोष्टी ठरविल्या. गल्ल्यातून रोज 200 रुपये, दुकानाचे भाडे समजून, आधी काढायचे. ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्यातून माल भरायचा नाही, मग ईदचा हंगाम असो की लग्नसराई. आणि दर रमजानला जकातीच्या कागदावर दुसरा रकाना भरून मुलाला दाखवायचा. आमचे सहा लाख पुरणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मुलाने तिशीतच त्याचे वेगळे खाते उघडले आहे.

आज संध्याकाळी दुकान वाढविण्यापूर्वी आपणही हा हिशेब करून पाहावा. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरण्याची वेळ न आणो. आमीन.